परवाना कोणाच्या नावाचा?
परदेशी कसबी, त्यांचे मालक आणि दोनशे वर्षांचा कागद

होटगी जंक्शनवर पूर्वी दोन मापांचे रूळ होते. मुंबईहून सोलापूरमार्गे रायचूरकडे जाणारा साडेपाच फुटी रुंद रूळ, आणि विजापूर, बागलकोट, बदामीवरून गदगला जाणारा मीटरगेज. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही; म्हणून माल उतरवायचा आणि पुन्हा भरायचा. गदगची ही छोटी गाडी १८८४ मध्ये सुरू झाली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचेही रूळ रुंद झाले. माझ्या पिढीने ती अदलाबदल डोळ्यांनी पाहिली आहे.

हे रूळ आखणारे अभियंते आणि सुरुवातीची इंजिने चालवणारे ड्रायव्हर साता समुद्रांपलीकडून आले होते. त्यांना इथे येऊन काम करण्याची परवानगी कोणी दिली? त्यांना व्हिसा लागला का? हा भाबडा वाटणारा प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षे जुने कायदे, गॅझेटियर आणि मिशनांचे इतिहास चाळत आलो. त्यातून एक गोष्ट वारंवार पुढे आली. परदेशातून कामाला आलेल्या माणसाचा परवाना लिहिलेला असतो त्याच्या नावाने, पण त्याचा जीव असतो मालकाच्या हातात किंवा सरकारच्या मर्जीत. मालक सुटला, मर्जी फिरली, की कालचा कुशल कारागीर आज नुसता परका उरतो. त्याने इथल्या माणसांना जे शिकवले, ते मात्र कोणत्याही हुकमाने हद्दपार करता येत नाही. या दोन गोष्टींची ही हकीकत आहे.

कंपनी सरकारचा परवाना

आजच्या व्हिसाचा आजोबा म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे लायसन. कंपनीच्या मुलखात कोणाही युरोपीय माणसाला लंडनच्या संचालकांच्या परवान्यावाचून राहता येत नसे. इंग्रजालासुद्धा नाही. व्यापाराची मक्तेदारी आणि राज्य दोन्ही सांभाळायचे असल्याने कंपनीला आगंतुक नको होते.

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. आदल्या वर्षी ते कलकत्त्यास पोचले होते आणि तेथे त्यांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला होता. त्यातच जून १८१२ मध्ये इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेले. म्हणजे हे दोघे बिनपरवाना तर होतेच, शिवाय शत्रुराष्ट्राचेही. मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन याला त्यांच्याविषयी सहानुभूती होती, पण कलकत्त्याचा हुकूम होता की त्यांना इंग्लंडला रवाना करा. दोघे गुपचूप कोचीनला निसटले, तिथे पकडले गेले आणि पुन्हा मुंबईत आणले गेले. जहाजावर चढवण्याची वेळ आली तेव्हा हॉलने नेपियनला त्याच्या सदसद्विवेकाला आवाहन करणारे पत्र लिहिले. रवानगी लांबली. दरम्यान १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना परवाना मिळण्याची वाट मोकळी केली होती. अखेर लंडनहून राहण्याची परवानगी आली. नॉट आजारपणामुळे लवकरच परतला. हॉल राहिला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने मेला.

या मिशनचे धर्मांतराचे उद्दिष्ट उघड होते, आणि त्याविषयी मराठी समाजाने जे आक्षेप घेतले त्यांचा इतिहास वेगळा आहे. इथे पाहायची ती दुसरी बाजू. या मिशनने १८१७ च्या सुमारास मुंबईत मराठी छपाई सुरू केली. त्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम याने देवनागरी टाइपांत सुधारणा केल्या. गणपत कृष्णाजी हे तिथेच छपाईचे काम शिकले आणि त्यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. जावजी दादाजी लहानपणी याच छापखान्याच्या टाइपशाळेत कामाला लागले; पुढे त्यांनी टाइप ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला. ज्या मंडळींना १८१३ मध्ये जहाजात बसवून परत पाठवायचे ठरले होते, त्यांच्या मागोमाग आलेल्या कसबातून पंचांग आणि संस्कृत ग्रंथ छापणारे मराठी छापखाने निघाले. हे शिकवणाऱ्यांच्या मनात नव्हते. कसब एकदा हाताला लागले की ते शिकणाऱ्याचे होते.

परका, पण कायद्याने परका नव्हे

१८३३ च्या सनदी कायद्याने इंग्रज प्रजाजनांसाठी लायसनची अट कंपनीच्या जुन्या मुलखापुरती उठवली. मग रेल्वे आली. बोरघाटाचे काम अपुरे असतानाच १८६० मध्ये पुण्याकडून सोलापूरपर्यंत गाडी पोचली होती. घाटात मात्र माणसे मरत होती. पहिला कंत्राटदार फेव्हिएल याच्या काळात, १८५९ च्या जानेवारीत, मजुरीच्या थकबाकीवरून दंगा झाला. नंतर कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही दिवसांतच आजाराने वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने व्यवस्थापक नेमून काम पुढे नेले. १८६१ मध्ये घाटात एका वेळी ४२ हजारांवर मजूर राबत होते. १८६३ मध्ये घाट खुला झाला.

या ट्रेडवेल बाईंना किंवा रेल्वेच्या गोऱ्या ड्रायव्हरांना व्हिसा लागला नाही. १८६४ मध्ये परकीयांविषयीचा कायदा झाला खरा. त्याने सरकारला कोणाही परकीयाला देशाबाहेर जायला सांगण्याचा अधिकार दिला. पण त्या कायद्यात ब्रिटिश प्रजाजन ‘परकीय’ नव्हताच. मँचेस्टरहून कापडगिरणीत आलेला जॉबर किंवा विणाई मास्तर गावाच्या नजरेत साहेब होता, कायद्याच्या नजरेत घरचा. उलट १८६० च्या दशकापासून सोलापुरात शाळा चालवणारे अमेरिकन मिशनचे लोक मराठी बोलत, वर्षानुवर्षे राहत, तरी कायद्याने परके. परका कोण हे भाषा, कसब किंवा वास्तव्य ठरवत नव्हते. साम्राज्याचा नकाशा ठरवत होता.

ही व्याख्या किती टिकली पाहा. १९४६ च्या परकीय कायद्यातही ती जवळजवळ तशीच आली. भारत स्वतंत्र झाला, प्रजासत्ताक झाला, तरी लँकेशायरचा माणूस या कायद्यापुरता ‘परकीय’ नव्हता. जो भारताचा नागरिक नाही तो परकीय, अशी सरळ व्याख्या आली ती १९५७ च्या दुरुस्तीने.

कौले, खण आणि गोलकोंडा जहाज

होटगीहून छोटी गाडी जिकडे जाई, त्या दक्षिण मराठा मुलखात दुसरे एक मिशन होते: बासेल मिशन. धारवाड, हुबळी, गदगजवळचे बेटगेरी, गुळेदगुड्ड अशी त्याची ठाणी. मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये, माणसे बरीचशी जर्मन. गुळेदगुड्डचे खण आपल्याकडे घरोघरी माहीत. ते विणकरांचे गाव मिशनच्या आधीपासूनचे. पण मंगळूरला मिशनने जे केले ते नवे होते. १८५१ च्या सुमारास हॅलर नावाचा विणकर तिथे आला, त्याने चौकटीचे माग बसवले. खाकी रंगाचे कापड त्याच्याच रंगशाळेत प्रथम निघाले असे सांगतात. १८६५ मध्ये प्लेब्स्ट याने तिथे कौलांचा कारखाना काढला. आपण ज्याला आजही ‘मंगलोरी कौल’ म्हणतो ते हे. थोड्याच वर्षांत स्थानिक माणसांनी स्वतःचे कारखाने काढले आणि मंगलोरी कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर चढले.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. परकीयांविषयीचा वटहुकूम निघाला आणि जर्मन नागरिक एका रात्रीत शत्रू ठरले. त्यांना ठेवण्याची मोठी छावणी आपल्या अहमदनगरला होती. पुढे १९१५-१६ मध्ये गोलकोंडा नावाच्या जहाजाने मिशनरी, त्यांच्या बायका, मुले यांना युरोपात परत पाठवण्यात आले. मिशनचे कारखाने १९१९ मध्ये कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. पन्नास-साठ वर्षांचा उद्योग, पण चालवणाऱ्यांचा परवाना सरकारच्या मर्जीवर होता, आणि मर्जी फिरली.

युद्ध संपले, पण युद्धात घातलेला पहारा उठला नाही. १९२० मध्ये भारतात येण्यासाठी पासपोर्ट आवश्यक करणारा कायदा झाला. १९३९ मध्ये परकीयांच्या नोंदणीचा कायदा आला. १९४६ चा कायदा त्यांवर चढला. आज आपण ज्याला व्हिसाचे नियम म्हणतो, ते नोकरी आणि व्यापाराचा विचार करून जन्मलेले नाहीत. त्यांची मुळे हेराच्या भीतीत आहेत.

मालाडचा स्टुडिओ

१९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. भारतीय मालकाने परदेशी तज्ज्ञ मुद्दाम बोलावून घ्यावेत, याचे हे लख्ख उदाहरण. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायाचित्रकार योझेफ विर्शिंग, प्रयोगशाळेत झोले, नेपथ्याला फॉन स्प्रेती, हे सगळे जर्मन. राय यांनी त्यांच्या हाताखाली भारतीय तरुण शिकाऊ म्हणून लावले.

सप्टेंबर १९३९ मध्ये पुन्हा युद्ध झाले आणि हे जर्मन पकडले गेले. लीला चिटणीस आणि अशोककुमार यांचा ‘कंगन’ हा ऑस्टेनचा इथला शेवटचा चित्रपट ठरला. ऑस्टेन वयस्क म्हणून सुटला व मायदेशी गेला. विर्शिंग युद्ध संपेपर्यंत स्थानबद्ध राहिला. अहमदनगर, देवळाली, डेहराडून, सातारा अशा छावण्यांतून तो फिरला. सरकारचा संशय सर्वस्वी निराधार होता असेही नाही. ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद होता. पण त्याच जाळ्यात हिटलरच्या भीतीने पळून आलेले जर्मन ज्यूसुद्धा सापडले. त्यांना भारतात प्रवेश मिळाला होता तोच मुळी नोकरीच्या हमीवर किंवा कोणा संस्थेच्या जामिनकीवर. जर्मनीने त्यांना ज्यू म्हणून छळले; इथे पासपोर्टावर जर्मन लिहिले म्हणून पकडले. त्यांतले बरेच पुढे चौकशी होऊन सुटले, काही मात्र पुरंदर-साताऱ्यासारख्या ठिकाणी अडकून पडले.

स्टुडिओचे काय झाले? तो बंद पडला नाही. शिकाऊ तरुणांनी कॅमेरा आणि प्रयोगशाळा हाती घेतली. १९४३ चा ‘किस्मत’ हा त्या स्टुडिओचा सर्वांत गाजलेला चित्रपट जर्मनांशिवाय निघाला. राय यांनी नोकर ठेवले नव्हते, गुरू ठेवले होते, म्हणून हे जमले. विर्शिंग सुटल्यावर परत गेला नाही. ‘महल’चे छायाचित्रण त्याचे, आणि ‘पाकीजा’चे पुष्कळसे काम त्याचेच. १९६७ मध्ये तो मुंबईतच वारला. ज्या देशाने त्याला वर्षानुवर्षे तारेच्या कुंपणात ठेवले, त्याच देशाला त्याने आपले काम दिले.

सोलापूरचा मालक, सोलापूरचा डॉक्टर

याच काळात सोलापूरच्या दोन सुपुत्रांनी या प्रश्नाची दोन टोके पाहिली.

एक शेठ वालचंद हिराचंद. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. १९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. वालचंदांनी भारतात तसा कारखाना काढण्याचे मनात घेतले. म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली आणि पॉलीबरोबर अमेरिकन अभियंते आले. एरवी एतद्देशीय उद्योजकाने परदेशी तज्ज्ञ बोलावायचे म्हटले तर सरकार कपाळाला आठ्या घालत असे; पण युद्धासाठी विमाने हवी होती, त्यामुळे दार उघडले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. मालकही सरकारच्या मर्जीबाहेर नसतो, एवढे यातून दिसते.

पण त्या कारखान्यात सुरुवातीलाच एक मराठी तरुण रुजू झाला होता: डॉ. विष्णू माधव घाटगे, मूळचे कोल्हापूरकडचे. त्यांनी जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांट्ल या विख्यात शास्त्रज्ञाकडे वायुगतिशास्त्र शिकून डॉक्टरेट घेतली होती. अमेरिकन गेले, घाटगे राहिले. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ मध्ये उडाले.

दुसरे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूर, १९१०. सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत ते होते. पथकाची निवड झाली तेव्हा एका बंगाली डॉक्टराला, रणेन सेन यांना, राजकीय मतांमुळे सरकारने पासपोर्ट नाकारला. त्यांच्या जागी बिजय बसू गेले. हात कुशल आहेत का, हे सरकारने पाहिलेच नाही. कोटणीस चीनमध्ये परकेच होते. तरी १९४१ पासून ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, चिनी भाषेत त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवले, तिथेच क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच देह ठेवला. चीनने त्यांना आजवर विसरलेले नाही ते त्यांच्या कागदपत्रांमुळे नव्हे.

आजचा व्हिसा

आता आपल्या काळाकडे येऊ. होटगीच्या परिसरात सिमेंटचे कारखाने आहेत, आणि जवळच फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे. असे प्रकल्प देशभर उभे राहत असताना अनेक ठिकाणी यंत्रसामग्री चीनहून आली आणि तिच्याबरोबर हजारो चिनी कामगार आले. त्यांतले बरेच व्यवसाय व्हिसावर. या व्हिसाचा हेतू वेगळा आहे: उद्योगाची चाचपणी, खरेदी-विक्री, बैठका. इथल्या कंपनीत किंवा प्रकल्पावर काम करायचे तर रोजगार व्हिसा लागतो. २००९ मध्ये सरकारने ही रेघ ठळक केली आणि व्यवसाय व्हिसावर प्रकल्पात काम करणाऱ्यांना ३१ ऑक्टोबरपर्यंत परत जायला सांगितले. कंपन्यांची तारांबळ उडाली. मग २०१० मध्ये वीज आणि पोलाद उद्योगांसाठी प्रकल्प व्हिसा हा तिसरा प्रकार निघाला. ज्या प्रकल्पासाठी आला, त्याच प्रकल्पावर राहायचे.

रोजगार व्हिसाची तत्त्वे थोडक्यात अशी. ज्या कामाला योग्य भारतीय मिळतो, त्या कामासाठी तो द्यायचा नाही. माणूस कुशल हवा. पगार वर्षाला किमान २५ हजार डॉलर, आता रुपयांत १६ लाख २५ हजार. परदेशी खाद्यपदार्थांचे आचारी, इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक, दुभाषे अशांना पगाराच्या अटीतून सूट. सहा महिन्यांहून जास्त राहायचे तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे: मालक बदलता येत नाही. मूळ कंपनी आणि तिची उपकंपनी असा अपवाद सोडला, तर नव्या नोकरीसाठी देश सोडून नवा व्हिसा घेऊन यायचे.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन व परकीय कायदा लागू झाला. १९२०, १९३९ आणि १९४६ चे तिन्ही जुने कायदे, शिवाय विमान व जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० चा कायदा, त्याने एकत्र गुंडाळले. चार वह्यांची एक वही झाली. मालकाशी बांधलेली गाठ सुटलेली नाही.

त्याच महिन्यात, १९ सप्टेंबरला, अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा केली. त्या रात्री सोलापूर-पुण्यातल्या किती घरांत फोन वाजले असतील, हे वाचकांना सांगायला नको. एच-१बी १९९० च्या कायद्याने आला. तोही मालकाने काढायचा, मालकाशी बांधलेला. अमेरिकेत नोकरी बदलता येते, पण नव्या मालकाने अर्ज केला तरच. आणि नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस. त्या साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर घर, गाडी, मुलांची शाळा आवरून निघायचे. तिथे जन्मलेली मुले अमेरिकेची नागरिक आणि आईबाप पाहुणे, अशी स्थिती.

आपल्या मुलांच्या बाबतीत हा अन्याय आपल्याला लगेच कळतो. आपल्याकडे येणाऱ्या परदेशी अभियंत्याला, आचाऱ्याला, भाषाशिक्षकाला आपण साठ दिवसही देत नाही, हे कळायला थोडा वेळ लागतो.

देशाने आपल्या दारावर पहारा ठेवू नये, असे मी म्हणत नाही. इथल्या माणसाची नोकरी आधी सांभाळावी, हेही योग्यच. पण इतिहास पाहता दोन सुधारणा सुचवाव्याशा वाटतात. एक, नोकरी सुटलेल्या परदेशी कुशल माणसाला दुसरा मालक शोधायला ठरावीक मुदत द्यावी. मालकाची मेहेरबानी हाच ज्याचा परवाना आहे, तो माणूस पगार बुडाला, अपमान झाला तरी तोंड उघडू शकत नाही. आणि असा दबलेला कामगार शेजारी असला की इथल्या कामगाराचीही किंमत उतरते. दुसरी, मालकाला त्या माणसाचा पगार किती हे जसे विचारले जाते, तसे त्याच्या हाताखाली कोण शिकणार हेही विचारले जावे. जावजी दादाजी, बॉम्बे टॉकीजचे शिकाऊ तरुण, मंगळूरचे कौल कारखानदार यांच्यामुळेच परक्याचे येणे आपल्या कामी आले. नुसते यंत्र बसवून परक्याने निघून जावे आणि ते बिघडले की पुन्हा व्हिसा काढावा, यात मालकाचे काम भागते, देशाचे नाही.

होटगीत आता एकाच मापाचे रूळ आहेत आणि विजापूरचा डबा सोलापुरात सरळ जातो. रूळ एका मापाचे करायला सव्वाशे वर्षे लागली. ‘कामाला आलेला माणूस’ आणि ‘परका माणूस’ ही मापे एकमेकांशी जुळवायला किती लागतील, ते आपण आपल्या मुलांसाठी जे मागतो ते दुसऱ्याच्या मुलांना देतो की नाही यावर ठरेल.